शनिवार-रविवार तीनच आहेत

प्रश्न : आमच्या लग्नाला २२ वर्षं झाली. मुलगा यंदा होस्टेलवर राहायला गेला आणि येत्या मे महिन्यात पहिल्यांदाच आम्ही दोघंच युरोपला निघालोय, २१ दिवस. नवऱ्याने एक्सेलमध्ये सगळा कार्यक्रम आखला आणि मला तयार शीट पाठवली. फ्रँकफर्टला त्याच्या मामेभावाकडे पाच रात्री, स्टुटगार्टला कॉलेजच्या मित्राकडे दोन, पॅरिसच्या उपनगरात दुसऱ्या मित्राकडे तीन, लंडनला चुलतबहिणीकडे चार, अ‍ॅमस्टरडॅमला माझ्या मैत्रिणीकडे तीन. म्हणजे २० पैकी १७ रात्री लोकांच्या घरी. उरलेल्या तीन हॉटेलात, त्याही स्वित्झर्लंडला, कारण तिथे आमच्या ओळखीचं कुणी नाही! चार वर्षांपूर्वी माझ्या दिरांकडे अमेरिकेला गेलो होतो. १६ दिवस दिवाणखान्यात गेले आणि परतीच्या विमानात आम्ही इतके भांडलो की हवाईसुंदरीने येऊन पाणी हवंय का विचारलं. तो म्हणतो, "एवढ्या लांब जाऊन भेटलो नाही तर बरं दिसत नाही, शिवाय हॉटेलचे पैसे वाचतात." मला माणसं नकोत असं नाही. पण मुलगा गेल्यापासून आम्ही जेवताना टीव्ही लावतो. मला पॅरिसमध्ये त्याच्याबरोबर नुसतं चालायचंय. हे मागणं फार आहे का? आणि त्याच्या नातेवाइकांना न दुखावता नाही कसं म्हणायचं? (नाव देऊ नका.)

उत्तर :

मागणं फार नाही. फार आहे ती शीट.

तुमच्या नवऱ्याने रात्री मोजल्यात, आणि गंमत अशी की भेट काही रात्री होत नाही. मामेभाऊ सकाळी साडेसातला घर सोडणार, संध्याकाळी सहा-साडेसहाला परतणार. मग मुलांचा अभ्यास, जेवण, आवराआवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑफिस. पाचपैकी चार रात्री कामाच्या दिवशी आल्या, तर हाती लागतात रोजचे दोन-अडीच तास, तेही दिवसभर दमलेल्या माणसांचे. बाकीचा वेळ तुम्ही दोघं दुसऱ्याच्या घरात, त्यांच्या घराची किल्ली मुठीत धरून, "आता बाहेर पडलो तर ते यायच्या आत परत येऊ का" असा हिशोब करत बसणार. अमेरिकेत तुमचे १६ दिवस असेच गेले असणार, तुम्ही लिहिलं नसलं तरी.

मामेभावाने रजा घ्यावी अशी अपेक्षा असेल तर ती सोडा. जर्मनीत पाच दिवसांचा आठवडा असलेल्या नोकरदाराला कायद्याने वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा मिळते. अनेक ठिकाणी त्याहून जास्त देतात, पण परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांची बरीचशी रजा आईवडिलांना भेटायला येण्यात संपलेली असते. उरलेले दिवस त्याच्या बायकामुलांचे. त्यातले दोन तुमच्यासाठी काढले तर तो तोंडाने "छे, छे, त्यात काय" म्हणेल. त्याची बायको काय म्हणेल ते तुम्हाला कळणार नाही.

म्हणून मोजायचे असतील तर शनिवार-रविवार मोजा. २१ दिवसांत ते तीनदाच येतात, तेही नीट दिवशी निघालात तर. शनिवारी पोहोचलात तर पहिली जोडी झोपेत जाते. सोमवारी निघालात तर तिसरी परतीच्या बॅगा भरण्यात. बुधवारी पोहोचलात तर तिन्ही पुरेपूर मिळतात. तीन शनिवार-रविवार म्हणजे तीन घरं. सोमवार ते शुक्रवार तुम्हा दोघांचे. पाच घरांतून दोन गाळायची कशी, हे भांडण मग तुमच्या दोघांत उरत नाही. ते कॅलेंडरने लावलेलं असतं, आणि कॅलेंडर कुणाच्या माहेरचं नसतं की सासरचं.

तीन कोणती? माझी कसोटी सोपी आहे. गेल्या वर्षभरात कुणाला काही कारण नसताना फोन केला? वाढदिवस, दिवाळी, कुणाचं आजारपण वगळून. सहज. ज्याला असा फोन गेला त्याचं घर पहिलं. मामेभाऊ त्यात असणार असं मला वाटतं, कारण नवऱ्याने सर्वांत जास्त रात्री त्याला दिल्यात. लंडनच्या चुलतबहिणीबद्दल मला शंका आहे.

लंडनचं आणखी एक त्रांगडं आहे. शेंगेन व्हिसा आता युरोपातल्या २९ देशांत चालतो, पण ब्रिटन त्यात नाही. तिथला व्हिसा वेगळा, अर्ज वेगळा. आणि पॅरिसहून लंडन, तिथून अ‍ॅमस्टरडॅम, असं तुमच्या शीटमध्ये आहे. म्हणजे तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन पुन्हा आत येणार, तेव्हा एकाच प्रवेशाचा व्हिसा मिळाला तर अ‍ॅमस्टरडॅमला आत घेणार नाहीत. चार रात्रींसाठी एवढा खटाटोप! बहिणीकडे ब्रिटिश पासपोर्ट असेल तर तिला पॅरिसला बोलवा. लंडनहून समुद्राखालच्या बोगद्यातून गाडी सव्वादोन-अडीच तासांत पॅरिसला पोहोचते, आणि ब्रिटिश नागरिकांना थोड्या दिवसांसाठी शेंगेनचा व्हिसा लागत नाही. एक पूर्ण दिवस तिघं मिळून हिंडाल. तिच्या घरच्या सोफ्यावर चार संध्याकाळी बसण्यापेक्षा तिलाही ते जास्त आवडेल, पैज लावते.

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते, कारण त्यामुळे ही शीट "बघू नंतर" म्हणून ठेवता येणार नाही. शेंगेनचा अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी झालाच पाहिजे. मेच्या तोंडावर गर्दी असते, त्यामुळे त्या १५ दिवसांवर विसंबू नका. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आणि राहणार कुठे, हे कागदावर दाखवावं लागतं. पॅरिसच्या मित्राकडे मुक्काम लिहिलात तर त्याला तिथल्या नगरपालिकेत स्वतः जाऊन, घराचे आणि उत्पन्नाचे कागद देऊन, तुमची राहायची सोय तो करतोय असा दाखला काढावा लागेल. त्याचं शुल्कही त्यानेच भरायचं. "तुझ्याकडेच उतरतो रे" हे आपल्याला प्रेमाचं वाक्य वाटतं. त्याच्यासाठी ती एक अर्धी रजा आणि दोन फेऱ्या आहेत. पॅरिसला हॉटेल घेतलंत तर तुम्ही त्याला तोडलं नाही, सोडवलं.

पैसे वाचतात हा मुद्दा अर्धा खरा आहे. हॉटेल वाचतं हे खरंच. पण मित्र राहतो उपनगरात, रोजचं जाणं-येणं तिथून. रात्री नदीकाठी छान वाटत असलं तरी नऊ वाजता परत फिरायचं, कारण ते जेवायचे थांबलेत. सगळ्यांसाठी वस्तू न्यायच्या, त्यात एक बॅग जाते. हे सगळं शीटमध्ये कुठल्या रकान्यात धरलंय, नवऱ्याला विचारा. भांडायला नको, खरोखर विचारा. एक्सेलवाल्या माणसाला रकाना चुकल्याचं सांगितलं की तो रागावत नाही, दुरुस्त करतो.

पहिल्या दोन रात्री मात्र कुणाच्याही घरी नको, मामेभावाच्याही नाही. मे महिन्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तिथे रात्री आठ वाजता, ते लोक ऑफिसातून येऊन, फ्रेश होऊन, "हं, आता सांगा" म्हणून समोर बसतात तेव्हा तुमच्या अंगात साडेअकरा वाजलेले असतात. तुम्ही जांभया गिळत हसता. आणि घरी पहाटे साडेपाचला उठायची सवय असेल तर तिथे तुमचे डोळे उघडतात रात्री दोन वाजता. मी अशी एकदा एका भावाच्या स्वयंपाकघरात अंधारात उभी राहिले होते. चहाची तल्लफ, आणि समोर काचेचा गुळगुळीत स्टोव्ह, बटण कुठेच नाही. बोट ठेवलं तर कुलपाचं चित्र पेटलं आणि मोठ्यांदा पीं वाजलं. वरच्या मजल्यावर दिवा लागला, भाऊ जिना उतरून खाली आला, त्याच्यामागे वहिनी, तिच्यामागे लहान मुलगी रडत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ऑफिस, शाळा. पुढे तीन रात्री मी दोन ते सहा छताकडे बघत पडून होते, हलायचीही भीती. तेव्हा बुधवारी उतरलात की फ्रँकफर्टहून गाडीने दीडेक तासावर ऱ्हाइनच्या काठी जा. बिंगेन ते कोब्लेंझ हा नदीचा ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ साली जागतिक वारसा यादीत आला, आणि बाखाराख किंवा सांक्ट गोआरसारख्या गावात दोन रात्री काढल्यात तर खिडकीतून द्राक्षमळे दिसतील. रात्री दोनला जाग आली तर आलीच. दिवा लावा, बोला.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुमच्या पत्रातल्या सगळ्या रात्रींच्या आकड्यांमध्ये एकच वाक्य माझ्या मनात राहिलं, ते टीव्हीचं.

नवऱ्याने १७ रात्री लोकांच्या घरी का ठेवल्या असतील? बरं दिसत नाही म्हणून, हे त्याचं उत्तर. मला ते पुरं वाटत नाही. इतकी वर्षं तुमच्या जेवणाच्या टेबलावर तिसरं माणूस होतं आणि गप्पांचा विषय बहुतेक तेच होतं: परीक्षा, क्लास, मोबाइल, मित्र. आता ते नाही. घरी ती जागा टीव्हीने भरली. परदेशात, भाषा न कळणाऱ्या गावात, दोघंच समोरासमोर बसून २० रात्री जेवायचं, याची त्याला धास्ती वाटत असेल. तुम्हालाही वाटत असेल थोडी. लोकांची घरं हा त्याचा टीव्ही आहे. त्याचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही, आणि तुम्ही त्याला हे असं तोंडावर सांगू नका. पुरुषांना असं निदान केलेलं आवडत नाही, बायकांनाही आवडत नाही. पण तुम्ही मनात धरा. कारण मग तुम्हाला कळेल की शीट फाडून "सगळे दिवस आपलेच" असं केलंत तर तो आणखी घाबरेल आणि पहिल्या आठवड्यातच व्हॉट्सअ‍ॅपवर दूरचा कुणी आतेभाऊ हुडकून काढेल.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. तुम्ही त्याला काय म्हणालात? "परत तेच", "परत दिवाणखाने", असंच ना? त्याला "पॅरिसमध्ये तुझ्याबरोबर नुसतं चालायचंय" हे वाक्य सांगितलंय का? मला वाटतं नाही सांगितलं. ते तुम्ही मला लिहिलंत. नातेवाईक हा शब्द न काढता, नुसतं तेवढंच सांगा. टीव्ही बंद करून. पुढे गप्प बसा, त्याला उत्तर द्यायला वेळ लागेल.

चालायचंच आहे तर कुठे, तेही मनात ठेवा, म्हणजे हे स्वप्न हवेत राहणार नाही. पॅरिसमध्ये बास्तीयच्या ऑपेराजवळून एक जुना रेल्वेचा उंच कमानीपूल सुरू होतो. गाडी बंद झाल्यावर त्यावर बाग केली, १९९३ साली खुली झाली. पावणेपाच किलोमीटर, गुलाब आणि बांबू, खाली रस्ता, दोन्ही बाजूंना लोकांच्या खिडक्या. तिथे बघण्यासारखं असं "स्थळ" काही नाही, म्हणून शीटमध्ये बसत नाही. आणि मेच्या शेवटी पॅरिसला सूर्य साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळ संपता संपत नाही. मंगळवारी लूव्र संग्रहालय बंद असतं, तर पोहोचण्याचा दिवस मंगळवारच ठेवा. कुठलंही तिकीट न काढता एक दिवस आपोआप मोकळा मिळतो. अधूनमधून अर्धा दिवस वेगवेगळेही फिरा. त्याला तासभर रेल्वे स्टेशन बघत बसायचं असेल तर बसू दे. संध्याकाळी भेटल्यावर एकमेकांना सांगायला काही तरी असतं.

स्टुटगार्टचा मित्र मात्र विनाकारण दोन रात्रींचा झालाय. मामेभावाकडून सोमवारी निघा, स्टुटगार्टला एक रात्र हॉटेल, संध्याकाळी मित्राबरोबर बाहेर जेवण. मंगळवारी सकाळी तिथून थेट गाडी आहे, तीन तासांच्या थोडं वर, की पॅरिस. एका संध्याकाळीत कॉलेजची दहा वर्षं आरामात होतात. दुसऱ्या संध्याकाळी कर्जाचे हप्ते सुरू होतात. स्वित्झर्लंड ठेवायचं की नाही ते तुम्ही दोघं बघा, पण विमान फ्रँकफर्टला उतरणारं आणि अ‍ॅमस्टरडॅमहून सुटणारं घ्या, म्हणजे एका टोकाला पुन्हा परत यावं लागणार नाही.

नाही कसं म्हणायचं, असं विचारलंत. म्हणायचंच नाही. तारीख सांगायची. "आम्ही शनिवारी सकाळी येतोय, सोमवारी सकाळच्या गाडीने निघतोय, तिकिटं काढलीत." या शेवटच्या शब्दांत फार ताकद आहे, त्यापुढे आग्रह करणाऱ्याचाही नाइलाज होतो, आणि मनातून तो सुटलेला असतो. "आम्ही कधी येऊ?" असं विचारलंत की मेलात. आणि फोन ज्याचा त्याने करायचा. मामेभावाला, मित्रांना, बहिणीला नवरा सांगेल. तुम्ही सांगितलंत तर पुढची दहा वर्षं "वहिनींना जमणार नव्हतं" असं ऐकाल. तब्येतीचं, गुडघ्याचं निमित्त काढू नका. नातेवाइकांचा एकच ग्रुप असतो, आणि गुडघा दुखणारी बाई आल्प्सच्या पायऱ्यांवर हसताना सगळ्यांना दिसते.

ज्या घरी जाल तिथे "आम्हाला काही दाखवू नकोस" हे आधीच सांगून ठेवा. पॅरिसजवळ राहणाऱ्या माझ्या एका नातेवाइकाला आयफेल टॉवरखाली उभं राहून फोटो काढायचा इतका अनुभव झालाय की पाहुणे येणार म्हटलं की त्याच्या मानेला कळ येते. त्यापेक्षा त्यांच्या शनिवारात शिरा. माझ्या त्याच स्टोव्हवाल्या वहिनीबरोबर तीन रात्री टेबलावर बसून जे बोलणं झालं नाही ते शनिवारी बाटल्यांच्या मशीनसमोर झालं. जर्मनीत प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की चिठ्ठी मिळते. वहिनी पोतंभर बाटल्या घेऊन आलेली, पुढे सहा माणसं. मी एकेक बाटली तिच्या हातात देत होते, ती भोकात सरकवत होती, मशीन घरघरत होतं, आणि ती मान न वळवता म्हणाली, "इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी रोज दुपारी रडायचे." टेबलावर पाहुणीला हे कुणी सांगत नाही. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, त्यामुळे त्या दिवशी कुणाला काही आणायचं नसतं, कुठे धावायचं नसतं. घरामागच्या जंगलात चालायला जातात. मामेभाऊ लहानपणी होता तसा नवऱ्याला तिथे सापडेल. तुम्ही थोडं मागे चाला.

आता जरा तुमच्याबद्दल. पाच घरांची यादी तुम्ही केलीत आणि खाली विचारलंत, "त्याच्या नातेवाइकांना न दुखावता." अ‍ॅमस्टरडॅमच्या तीन रात्री तुमच्या मैत्रिणीच्या आहेत. त्या तुम्हाला दिवाणखाना वाटल्या नाहीत, माणूस वाटल्या. त्याला मामेभाऊ तसाच वाटतो. शिवाय तिकडे तुम्ही दोघी कॉलेजच्या आठवणींत बुडाल, आणि तो टेबलाच्या कडेला तिच्या नवऱ्याशी हवामानावर बोलत बसेल, हे लक्षात ठेवा. तिथेही नियम तोच: एक शनिवार, एक रविवार. तिला अ‍ॅन फ्रँकचं घर दाखवायचंय म्हणाली असेल तर त्याची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी सुटतात. ते तिच्यावर न टाकता तुम्हीच काढा.

कापाकापी तुमच्या बाजूने सुरू करा. आज संध्याकाळी, नवरा घरात असताना, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मैत्रिणीला फोन लावा: "अगं, तीन नाही, दोनच रात्री येतोय. तुझा तो शनिवार मोकळा आहे ना?"